मुंबईत आरोग्यसंवर्धनाचे शिक्षण कसे घ्यावे

आरोग्यसंवर्धन या विषयात पदवी घ्यायची असे ठरवून माहिती शोधू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी एक अडचण जाणवते. समोर येणारी बरीचशी माहिती अमेरिकेतील विद्यापीठांची असते. तेथे हा विषय पदवीला मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेता येतो आणि आरोग्यशिक्षणाचे किमान 25 सत्र-श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण केलेल्या पदवीधराला प्रमाणित आरोग्यशिक्षण तज्ज्ञाची परीक्षाही देता येते. मुंबईत बारावीनंतर नेमक्या याच नावाची पदवी देणारे महाविद्यालय सहजी सापडत नाही. मग कोणी विषयाचा नाद सोडून देतो, तर कोणी माहितीपत्रकावर ‘सार्वजनिक आरोग्य’ असे छापलेल्या पहिल्याच महागड्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरून मोकळा होतो. या दोन्हींची आवश्यकता नाही. हे शिक्षण मुंबईत मिळते आणि काही बाबतींत उत्तम मिळते. फक्त ते एका नावाखाली तयार मिळत नसल्यामुळे पदवी, क्षेत्रकार्य आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम यांची जुळणी विद्यार्थ्याला स्वतः करावी लागते. ही जुळणी करताना अभ्यासक्रमाच्या नावाला फारसे महत्त्व देऊ नये. त्यात वस्तीत जाऊन किती काम करावे लागते आणि संख्याशास्त्र किती गांभीर्याने शिकवले जाते, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात, असे माझे मत आहे आणि पुढील सर्व विवेचन त्याच मताला धरून आहे.

विषय आधी समजून घ्यावा

आरोग्यसंवर्धन म्हणजे लोकांना आरोग्याच्या चार चांगल्या गोष्टी सांगणे, अशी समजूत घेऊन या क्षेत्रात येणारे पुष्कळ असतात आणि तेच सर्वांत लवकर कंटाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने 1986 च्या नोव्हेंबर महिन्यात कॅनडातील ओटावा येथे पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्यसंवर्धन परिषद भरली आणि तेथे संमत झालेल्या सनदेत या क्षेत्राची पाच कामे ठरवून देण्यात आली: आरोग्याला पोषक अशी सार्वजनिक धोरणे आखणे, पोषक परिसर निर्माण करणे, समूहाची कृतिशक्ती वाढवणे, व्यक्तीची कौशल्ये विकसित करणे आणि आरोग्यसेवांचा रोख उपचारांपलीकडे वळवणे. लोकांना समजावून सांगणे हे या पाचांपैकी केवळ एका कामात, तेही अंशतः, मोडते.

ही पाच कामे पाठ करण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या प्रश्नावर लावून पाहिली तर अधिक नीट कळतात. मशेरीचा प्रश्न घ्यावा. मुंबईच्या वस्त्यांत आणि जुन्या चाळींत आजही अनेक स्त्रिया तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावतात. तंबाखूने कर्करोग होतो हे त्यांतील बहुतेकींनी कुठे ना कुठे ऐकलेले असते, तरी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दात दुखतो, डोके जड होते, असे त्या सांगतात. येथे केवळ माहिती देऊन थांबणारा कार्यकर्ता हात हलवत परत येतो. आरोग्यसंवर्धनाच्या विद्यार्थ्याने पुढचे प्रश्न विचारायचे असतात. दातदुखीवर परवडणारा उपचार जवळ कुठे मिळतो आणि तो किती वाजेपर्यंत उघडा असतो? सार्वजनिक शौचालयाच्या सकाळच्या रांगेचा या सवयीशी काही संबंध आहे का? महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण घरातच भाजल्या जाणाऱ्या तंबाखूपर्यंत अशी बंदी कशी पोहोचणार? शाळा-महाविद्यालयांपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकू नयेत, असे 2003 चा केंद्रीय कायदा सांगतो. आपल्याच महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर त्याचे काय झाले आहे? गरोदरपणात तपासणीला आलेल्या बाईला मशेरीविषयी कोणी विचारते का, आणि विचारलेच तर सोडण्यासाठी मदत देते का? एका सवयीमागे दंतवैद्यक, पाणी, स्वच्छता, कायदा, दवाखान्याची वेळ आणि सासूने सुनेला लावलेले वळण असे सगळे उभे असते. ते वेगवेगळे करून पाहणे आणि त्यांतले काय बदलता येईल हे ठरवणे, हा या अभ्यासाचा गाभा आहे.

या क्षेत्राची स्वतःची सैद्धांतिक बैठकही आहे. त्यातील आरोग्यविश्वास प्रारूप (हेल्थ बिलीफ मॉडेल) हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात मांडले. क्षयरोगाच्या तपासणीसाठी क्ष-किरण यंत्रे फिरत्या वाहनांतून लोकांच्या जवळ नेऊन ठेवली असूनही लोक येत का नाहीत, या प्रश्नातून ते निघाले. आपल्याला हा आजार होऊ शकतो असे माणसाला वाटते का, तो किती गंभीर वाटतो, तपासणीचा लाभ किती आणि अडथळे कोणते वाटतात, कृतीला चालना देणारे काही घडते का, असे त्याचे घटक आहेत. स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास हा घटक पुढे जोडला गेला. याखेरीज सवय बदलताना माणूस कोणत्या पायऱ्यांतून जातो हे सांगणारे बदलाच्या टप्प्यांचे प्रारूप, इतरांना पाहून माणूस कसा शिकतो हे सांगणारा सामाजिक बोधात्मक सिद्धांत आणि व्यक्ती, कुटुंब, समूह, संस्था, धोरण अशा वाढत्या वर्तुळांतून प्रश्नाकडे पाहणारे सामाजिक-परिस्थितिकीय प्रारूप हेही अभ्यासावे लागते.

ही प्रारूपे उपयोगी आहेत, पण मुंबईत शिकणाऱ्याने त्यांच्या मर्यादाही मुंबईतच तपासून पाहाव्यात. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईतील संशोधकांच्या साह्याने केला होता. इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधलेल्या की खालच्या मजल्यांवरील घरांत ऊन आणि वारा पोहोचत नाही, आणि अशा घरांचा क्षयरोगाशी संबंध दिसतो, असे त्यातून पुढे आले. अशा घरातील माणसाला ‘खिडक्या उघड्या ठेवा’ असे पत्रक देणे व्यर्थ आहे. त्याची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते. त्याच्या श्रद्धा-समजुतींपेक्षा इमारतींमधील अंतर ठरवणारे बांधकामाचे नियम येथे अधिक निर्णायक असल्यामुळे आरोग्यसंवर्धनाच्या विद्यार्थ्याला नगररचनेचे नियमही थोडेफार वाचता आले पाहिजेत.

पदवीसाठी कोणता विषय निवडावा

बारावीनंतरचे पर्याय अनेक आहेत. समाजकार्याची पदवी हा सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण तीत क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. चर्चगेट येथील निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय 1955 पासून हे शिक्षण देत आहे. आहारशास्त्र, बालविकास किंवा विस्तारशिक्षण यांत रस असेल तर गृहविज्ञान शाखेचा विचार करावा. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठात हे विषय दीर्घकाळ शिकवले जात आहेत. ते विद्यापीठ स्त्रियांसाठी आहे, एवढे मुलांनी ध्यानात घ्यावे. मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन कला शाखेतून येणारे विद्यार्थी पुढे चांगले काम करताना दिसतात. परिचर्या, भौतिकोपचार, दंतवैद्यक, आयुर्वेद किंवा होमिओपॅथी यांची पदवी असलेल्यांना रोगांची आणि रुग्णालयाची माहिती आधीच असते, पण वस्तीकडे रुग्णालयाच्या खिडकीतून पाहण्याची सवय त्यांना प्रयत्नपूर्वक मोडावी लागते.

माझी शिफारस विचाराल तर ज्याचे गणित बरे आहे त्याने संख्याशास्त्राकडे पाठ फिरवू नये. संख्याशास्त्र मेजर आणि मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र मायनर अशी जोडी मिळाली, तर ती आरोग्यसंवर्धनासाठी फार बळकट पाया ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रात पदवीची जी श्रेयांक-रचना लागू झाली आहे, तिच्यात मेजर आणि मायनर यांच्याबरोबर क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांनाही श्रेयांक ठेवलेले आहेत. बहुसंख्य विद्यार्थी ही श्रेयांके कशीतरी उरकतात. आरोग्यसंवर्धनाकडे जाणाऱ्याने मात्र हीच आपली खरी प्रयोगशाळा समजावी आणि महाविद्यालय निवडताना प्राध्यापकांना स्पष्ट विचारावे: मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रप्रकल्प कुठे केले आणि त्यांचे अहवाल पाहायला मिळतील का? अहवाल दाखवता येत नसतील तर प्रकल्प कितपत झाले असतील याचा अंदाज बांधता येतो.

नीटमध्ये अपेक्षित गुण न मिळाल्यामुळे नाइलाजाने इकडे वळणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. या क्षेत्रात पांढरा कोट नाही, औषध लिहून देण्याचा अधिकार नाही, आणि ज्यांचा आजार टळला त्यांना तो टळला हे कधी कळतही नाही, त्यामुळे आभार मानायला कोणी येत नाही. ज्याला रुग्ण बरा झालेला डोळ्यांनी पाहायचा आहे त्याने वैद्यकाशी निगडित एखादी रुग्णसेवेची शाखा निवडलेली बरी.

पदवीच्या वर्षांत काय करावे

पहिली गोष्ट, आकडे वाचायला शिकावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 पासून होत आले आहे आणि त्याचा समन्वय देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. राज्यांची आणि जिल्ह्यांची माहितीपत्रके विनामूल्य मिळतात. महाराष्ट्राचे पत्रक उघडून त्यातील एकच ओळ घ्यावी: 15 ते 49 वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण चौथ्या फेरीत 48.0 टक्के होते, 2019-21 च्या पाचव्या फेरीत ते 54.2 टक्के झाले. लोहाच्या गोळ्यांचे वाटप इतकी वर्षे चालू असताना हे कसे झाले? गोळ्या पोहोचल्या नाहीत, की पोहोचल्या पण मळमळते म्हणून कोनाड्यात पडून राहिल्या, की जेवणानंतर लगेच चहा घेतल्यामुळे लोहाचे शोषण कमी झाले, की हिमोग्लोबिन बोटातून घेतलेल्या थेंबावर मोजण्याच्या पद्धतीचाही यात काही वाटा आहे? एका ओळीवर असे चार-पाच प्रश्न लिहिता येऊ लागले, म्हणजे विद्यार्थ्याची गाडी रुळावर आली असे समजावे. सोबत आकडेवारीचे विश्लेषण करणारे एखादे विनामूल्य संगणकीय साधन हाताळायला शिकावे. आर किंवा एपी इन्फो यांसाठी पैसे लागत नाहीत, आणि सर्वेक्षणाची प्रश्नावली मोबाइलवर भरण्यासाठी कोबो टूलबॉक्स पुष्कळ संस्था वापरतात.

दुसरी गोष्ट, एक मोठा अभ्यास मुळातून वाचावा. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेला अभ्यास यासाठी योग्य आहे. डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर, म्हणजे सौम्य ॲसेटिक आम्ल, लावून गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली, आणि अशा तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. याच स्त्रियांच्या स्तनतपासणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. त्यात 50 वर्षांवरील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटलेले दिसले, पण सर्व वयोगट एकत्र धरले असता दिसलेली 15 टक्क्यांची घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम म्हणता येण्याजोगी नव्हती. एकाच शहरात, त्याच सेविकांच्या हातून, त्याच स्त्रियांसाठी झालेल्या दोन तपासण्यांचे निष्कर्ष असे निरनिराळे का यावेत, याचा विचार करताना विद्यार्थी जे शिकतो ते वर्गातल्या व्याख्यानातून शिकणे कठीण आहे. शिवाय तपासणी न मिळालेल्या तुलना-गटाच्या बाबतीत नैतिकतेचे जे आक्षेप घेतले गेले, तेही वाचावेत आणि त्यांवर स्वतःचे मत बनवावे.

तिसरी गोष्ट क्षेत्रकार्याची, आणि येथे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे.

वस्तीत एकट्याने वही घेऊन शिरू नये. महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात आरोग्य खात्याचे वैद्यकीय अधिकारी असतात. महाविद्यालयाच्या पत्रासह त्यांची परवानगी मागावी आणि आरोग्य केंद्रातील आरोग्यसेविकांबरोबर काही दिवस नुसते फिरण्याची संधी मागून घ्यावी. या स्त्रियांना कोणत्या खोलीत बाळंतीण आहे, कोणाचा क्षयरोगाचा उपचार मध्येच थांबला आहे आणि कोणत्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येते हे तोंडपाठ असते. त्यांच्या मागोमाग चालताना प्रश्न कमी विचारावेत. पाणी भरण्याच्या वेळी कोणाच्या दारात उभे राहू नये. दुपारी दोन ते चार या वेळात जरीकाम, शिलाई किंवा खाद्यपदार्थ बांधणीचे काम करणाऱ्या स्त्रिया घरी भेटतात आणि हात चालू ठेवून बोलतातही. पुरुषांना भेटायचे तर रविवार किंवा कामाची पाळी सुटल्यानंतरची वेळ बघावी.

मग एक लहान प्रश्न निवडावा. उदाहरणार्थ, 30 वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम असूनही एका विशिष्ट चाळीतून किंवा गल्लीतून तपासणीला लोक कमी का येतात, एवढाच प्रश्न पुरेसा आहे. वस्तीत जाण्यापूर्वी आपल्याला कोणते कारण वाटते ते कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे शेवटी आपण काय शिकलो याचा हिशेब लागतो. त्यानंतर पंधरा-वीस जणांशी मोकळेपणाने बोलावे, त्यांच्याच शब्दांत कारणे टिपावीत आणि मगच प्रश्नावली तयार करावी. घाईने बनवलेल्या प्रश्नावलीचा मोठा दोष असा की ती लोकांकडून योग्य उत्तर काढून घेते, खरे उत्तर काढत नाही. ‘तुम्ही पाणी उकळून पिता का?’ या प्रश्नाला जवळपास सगळे होकार देतात. ‘आज सकाळी प्यायचे पाणी कशात भरले आणि त्यानंतर त्याचे काय केले?’ असे विचारले की चित्र वेगळे दिसू लागते. तपासणीच्या बाबतीतही ‘तपासणी महत्त्वाची वाटते का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. शेवटची तपासणी केव्हा केली, तेव्हा कामाचा खाडा झाला का, सोबत कोण आले होते, निकाल कोणी समजावून सांगितला, असे विचारावे.

कारणांपैकी एक असे निवडावे की जे आपल्या हातात काही प्रमाणात बदलता येईल. घरकाम करणाऱ्या स्त्रिया सकाळीच बाहेर पडत असतील आणि तपासणी सकाळीच होत असेल, तर आरोग्य केंद्राच्या सहमतीने आठवड्यातून एखादी संध्याकाळ ठरवून पाहता येते. बदलापूर्वी किती जण येत होते आणि नंतर किती आले याची मोजणी ठेवावी. शक्य असल्यास असा बदल न केलेल्या शेजारच्या गल्लीचीही ठेवावी, नाही तर दिवाळीनंतर आपोआप वाढलेली गर्दी आपल्या उपक्रमाच्या खात्यावर जमा होते. शेवटी जे आढळले ते त्याच गल्लीतील लोकांना एकत्र बसवून सांगावे. हे शेवटचे काम बहुतेक प्रकल्पांत राहून जाते, आणि पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी आले की लोक दार का लावून घेतात याचे उत्तर तेथेच सापडते.

संमतीविषयी कसूर करू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती वाचावीत आणि महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते का हे आधी विचारून घ्यावे. लहान मुलांशी बोलताना पालकांची परवानगी, क्षयरोग किंवा एचआयव्हीविषयी बोलताना संपूर्ण गोपनीयता आणि छायाचित्रांबाबत अतिशय संयम, एवढे तर हवेच. औषधाविषयी सल्ला देऊ नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) प्रतिबंधासाठी 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे असे महापालिका आवाहन करते. विद्यार्थ्याने हे आवाहन पोहोचवावे, गोळीचे नाव आणि मात्रा सांगण्याचे काम मात्र डॉक्टरांवर सोडावे.

पोस्टर, पथनाट्य आणि चित्रफिती यांविषयी थोडक्यात. त्या करायला हरकत नाही, पण छापण्यापूर्वी किंवा सादर करण्यापूर्वी ज्यांच्यासाठी केल्या आहेत अशा आठ-दहा जणांना दाखवून ‘यात काय सांगितले आहे?’ एवढेच विचारावे आणि ऐकून घ्यावे. मराठीबरोबर हिंदीत सहज बोलता येणे या शहरात अपरिहार्य आहे; भोजपुरी, उर्दू किंवा गुजराती थोडीफार समजली तर उत्तमच.

पदव्युत्तर शिक्षण

खरे विशेषज्ञत्व येथे येते. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, 1936 मध्ये स्थापन झाली; तिच्यात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, एमपीएच, घेता येते आणि सामाजिक साथरोगशास्त्र किंवा आरोग्य धोरण, अर्थशास्त्र व वित्त अशा दिशांनी अभ्यास करता येतो. त्यासाठी वैद्यकीय पदवीची अट नाही. अलीकडे तेथील पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेच्या आधारे होत आहेत. जवळच असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1956 मध्ये सुरू झाली. लोकसंख्याशास्त्र, जैवसंख्याशास्त्र आणि सर्वेक्षण-संशोधन यांकडे कल असणाऱ्याने तिचा विचार करावा. या दोन्ही संस्था महापालिकेच्या एम-पूर्व विभागात आहेत, आणि देवनारची कचराभूमीही त्याच विभागात आहे. शिकायला बसल्या जागी विषय समोर असावा, असे या शहरात घडते, हे अभिमानाने सांगावे की खेदाने, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नावात ‘आरोग्यसंवर्धन’ हवेच असेल, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील आरोग्यसंवर्धन शिक्षणाची पदव्युत्तर पदविका पाहावी. मुंबईत हा अभ्यासक्रम कुटुंब कल्याण प्रशिक्षण व संशोधन केंद्राने चालवला; हीच संस्था आता राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य प्रशिक्षण व संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. शासकीय आरोग्यशिक्षण विभागांत काम करू इच्छिणाऱ्यांना ही पदविका विशेष उपयोगी आहे. आरोग्यविज्ञानाची पदवी असलेल्यांना नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न अभ्यासक्रमांचाही पर्याय आहे. रुग्णालयात समुपदेशन किंवा वैद्यकीय समाजकार्य करायचे असेल तर एमपीएचपेक्षा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, अधिक कामी येते, कारण समुपदेशकांच्या अनेक जाहिरातींत तीच पदवी मागितलेली असते.

खासगी विद्यापीठांच्या एमपीएचला प्रवेश घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारून घ्यावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? पूर्णवेळ अध्यापकांपैकी किती जणांनी वस्तीत किंवा गावात प्रत्यक्ष काम केले आहे? आंतरवासिता (इंटर्नशिप) संस्था मिळवून देते की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची असते? मागील तुकडीतील विद्यार्थी आज कोणत्या पदांवर आहेत? ‘उत्कृष्ट संधी’ असे मोघम उत्तर आले तर मागील तुकडीतील एक-दोन विद्यार्थ्यांना स्वतः गाठून बोलावे.

मुंबईबाहेरचा एखादा महिना या काळात अवश्य काढावा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेड येथे गावातील स्त्रियांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून घडवण्याचे काम सुरू केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोलीत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि 1999 मध्ये तिचे परिणाम लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींतून नवजात बालकांची जी काळजी घेतली जाऊ लागली, तिच्यामागे हेच काम आहे. शहरात सेवा जवळ असूनही का वापरली जात नाही हा प्रश्न पडतो, तर तेथे सेवाच दूर असताना काय करता येते हे दिसते.

काम कुठे मिळते

मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम, राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान यांमध्ये समुपदेशक, समन्वयक आणि माहिती-शिक्षण-संवाद अधिकारी अशी पदे निघतात. महापालिकेच्या केईएम, नायर, शीव यांसारख्या रुग्णालयांत समाजविकास अधिकारी असतात. स्वयंसेवी क्षेत्रात धारावी आणि अन्य वस्त्यांत माता-बाल आरोग्य, पोषण आणि स्त्रियांवरील हिंसाचार यांवर काम करणारी, 1999 मध्ये स्थापन झालेली स्नेहा, तसेच आरोग्यहक्कांवर संशोधन करणारी सेहत यांसारख्या संस्था आहेत. सेहतने महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेले ‘दिलासा’ हे हिंसापीडित स्त्रियांसाठीचे केंद्र विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण आरोग्यसेवेचा रोख वळवणे म्हणजे काय याचे ते जिवंत उदाहरण आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व विभागांत आणि कर्मचारी-आरोग्य कार्यक्रमांतही जागा असतात. तेथे पगार बरा असतो, परंतु काम बऱ्याचदा चालण्याच्या स्पर्धा आणि योगदिन यांच्यापुरते आक्रसते.

शासकीय कार्यक्रमांतील बरीच पदे कंत्राटी असतात आणि कंत्राटाचे नूतनीकरण ठरावीक मुदतीने होते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. नेमणुकीचे पत्र हाती आले की मानधनाबरोबर प्रवासभत्ता आणि वैद्यकीय विमा यांचा उल्लेख आहे का हे पाहावे; क्षयरोगाच्या कार्यक्रमात घरभेटी कराव्या लागणार असतील तर मुखपट्ट्या कोण पुरवणार आणि स्वतःची तपासणी किती दिवसांनी होणार, हेही लेखी विचारावे. पदवीच्या अंतिम वर्षात असलेल्यांनी सीयूईटी-पीजीच्या अर्जांकडे डिसेंबरपासूनच लक्ष ठेवावे, कारण अलीकडच्या वर्षांत नोंदणी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होऊन परीक्षा मार्चमध्ये झाली आहे. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र लागणार असेल, तर केंद्रीय नमुन्यातील दाखल्यासाठी तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयात त्याआधीच अर्ज केलेला असावा. राज्याच्या नमुन्यातील दाखला केंद्रीय संस्थेत बऱ्याचदा चालत नाही.